रुबिडियमवाले इकडे, आर्गॉनवाले तिकडे?

आदरणीय मॅडम,

आमच्या विभागात येत्या डिसेंबरात समस्थानिक भूरसायनशास्त्रावर (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंवरून खडकांचं वय, उगम काढायचं शास्त्र) तीन दिवसांची परिषद आहे. वैज्ञानिक कार्यक्रमाची जबाबदारी माझ्याकडे आली, कारण बैठकीतून वेळेवर उठून जायचं मला सुचलं नाही. १७२ ॲब्स्ट्रॅक्ट आली आहेत. एक मोठा हॉल आणि दोन लहान मिळणार आहेत. मी पद्धतींनुसार सत्रं पाडली आहेत: रुबिडियम-स्ट्रॉन्शियम, समॅरियम-निओडिमियम, युरेनियम-शिसं, आर्गॉन, स्थिर समस्थानिक, किरणोत्सारी कार्बन वगैरे. तिन्ही हॉल समांतर चालवले, प्रत्येकाला पंधरा मिनिटं दिली, तर सगळे बसतात. संचालकांना दोन तासांचं उद्घाटन हवं आहे. एका ज्येष्ठ सरांना प्लेनरी, म्हणजे सगळ्यांसमोरचं मुख्य व्याख्यान, हवंच आहे. दख्खनच्या लाव्हाचं वय काढणारे दोन गट येणार आहेत. मागच्या एका परिषदेत त्यांची चांगलीच जुंपली होती, म्हणून त्यांना एकाच वेळी वेगवेगळ्या हॉलमध्ये ठेवायचा विचार आहे. वेळापत्रक सोबत पाठवते. कुठेतरी चुकतंय असं वाटतं, पण कुठे ते सापडत नाही.

– एक सहयोगी प्राध्यापिका

प्रिय मैत्रीण,

तुमचं वेळापत्रक मी चहाचा कप बाजूला ठेवून दोनदा वाचलं. गणित चोख आहे. १७२ गुणिले पंधरा मिनिटं म्हणजे त्रेचाळीस तास, ते तीन हॉलमध्ये वाटले की जेमतेम साडेचौदा. उद्घाटन, जेवण, चहा धरूनही तीन दिवसांत बसतं. पण असं सगळं बसलेलं वेळापत्रक पाहिलं की मला धडकी भरते. एक माणूस पाच मिनिटं जास्त बोलला की तीन हॉलांची घड्याळं तीन दिशांना जातात, आणि मग लोक बोलणं ऐकायचं सोडून दारं उघडत-मिटत फिरत राहतात.

खरी चूक मात्र वेळेत नाही, सत्रांच्या नावांत आहे. तुम्ही माणसं त्यांच्या यंत्रांनुसार वाटलीत. टिम्सवाले (समस्थानिकं मोजायचा एक मास स्पेक्ट्रोमीटर वापरणारे) एका खोलीत, आर्गॉनवाले दुसऱ्या, ऑक्सिजन मोजणारे तिसऱ्या. हे लोक वर्षभर आपापल्या प्रयोगशाळेत एकमेकांशीच बोलत असतात. तीच खोली त्यांना परत द्यायला एवढा खटाटोप कशाला? सत्र प्रश्नाचं करा आणि त्या प्रश्नाला ज्याच्याकडे कुठलाही आकडा आहे त्याला तिथे बसवा.

आता दख्खनच. तुमच्या मनात सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच दिसते, म्हणून तिथूनच सुरू करते.

२०१९च्या फेब्रुवारीत 'सायन्स' नियतकालिकाच्या एकाच अंकात दख्खनच्या लाव्हावर दोन शोधनिबंध आले. प्रिन्स्टनच्या गटाने दोन लाव्हाथरांमधल्या तांबड्या थरांतून झिरकॉन या खनिजाचे कण वेचून युरेनियम-शिसं पद्धतीने वय काढलं. त्यांना उद्रेकाचे चार मोठे झटके दिसले, आणि त्यातला एक डायनासोरांच्या अंताच्या अगदी आधी सुरू झालेला. बर्कलीच्या गटाने खुद्द बेसॉल्टमधल्या (थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकातल्या) प्लॅजिओक्लेज या खनिजावर आर्गॉन पद्धत वापरली. त्यांच्या वाचनानुसार लाव्हा बऱ्यापैकी सलग ओतत राहिला आणि त्याचा सुमारे ७५ टक्के भाग डायनासोरांच्या अंताच्या सीमारेषेनंतरचा निघाला. डोंगर तोच, अंक तोच, निष्कर्ष मात्र निरनिराळे. पुढे अनिश्चिततेच्या पट्ट्या दोन्हीकडे सारख्या रीतीने लावून पाहिल्या, तर मूळ वयं एकमेकांशी बऱ्यापैकी जुळतात असंही दाखवलं गेलं. म्हणजे भांडण मोजमापाचं कमी आणि मोजमापावरून चित्र कसं काढायचं याचं जास्त.

असं भांडण दोन हॉलमध्ये मिटेल का? तुमच्याकडे येणारे दोन गटही त्याच वळणाचे दिसतात. त्यांना वेगळं बसवलंत तर दोघेही आपापल्या माणसांच्या टाळ्या घेऊन घरी जातील आणि पुढच्या वर्षी पुन्हा जुंपेल. एकाच हॉलमध्ये, एकापाठोपाठ बसवा, आणि त्या वेळी दुसरीकडे काहीही ठेवू नका.

आणि त्या सत्रात स्ट्रॉन्शियमवाल्यांना आधी बोलवा. हे मी मुद्दाम सांगते, कारण तुमच्या वेळापत्रकात ते बिचारे तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर, सगळ्यात लहान हॉलमध्ये आहेत. सह्याद्रीतले लाव्हाचे थर डोळ्यांना सारखेच काळे. खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी नावं देऊन आपण ते वेगळे ओळखतो ते बव्हंशी त्यांच्या रसायनामुळे, आणि त्यात स्ट्रॉन्शियम ८७/८६ हे गुणोत्तर फार कामाचं आहे. आंबेनळीचं ०.७०४च्या आसपास, बुशेचं ०.७१३च्याही पुढे. वर येताना लाव्हाने खालचं जुनं खंडीय कवच किती खाल्लं, ते त्यातून कळतं. एखादा नमुना नेमक्या कुठल्या थरातला हेच ठरलं नसेल, तर त्याचं वय वीस हजार वर्षांच्या अचूकतेने काढून तरी काय करायचं? आणि सीमारेषेनंतर लाव्हा किती टक्के ओतला हे सांगायला प्रत्येक थराचं आकारमान लागतं. तेही हाच रसायनाचा नकाशा धरून काढतात. म्हणून आधी थर लावणारा बोलू दे, मग झिरकॉनवाला, मग आर्गॉनवाला, आणि त्यानंतर एक तास पूर्ण रिकामा ठेवा. वेळापत्रकात तिथे फक्त 'चर्चा' एवढंच छापा. कोणी विचारलं 'यात बोलणार कोण', तर सांगा, सगळे.

एक छोटी युक्ती. सहा आठवडे आधी सगळ्या वक्त्यांना एकच कोरा आलेख पाठवा. आडव्या अक्षावर ६५.४ ते ६६.६ दशलक्ष वर्षं, उभ्या अक्षावर खालून वर थरांची नावं. ज्याने त्याने आपले आकडे त्याच आलेखावर मांडून आणायचे. प्रत्येकजण आपल्या सोयीचा अक्ष घेऊन आला की प्रेक्षकांचा निम्मा वेळ मनातल्या मनात पट्ट्या ताणण्यात जातो. मग चर्चेच्या तासाला सगळे आलेख एकावर एक ठेवून पडद्यावर दाखवा आणि तुम्ही गप्प बसा.

आता तुमच्या ॲब्स्ट्रॅक्टच्या फॉर्मबद्दल. त्यात संस्थेचं नाव, ईमेल, जेवण शाकाहारी की मांसाहारी, इतकंच आहे. वय सांगणाऱ्या प्रत्येकाला आणखी तीन गोष्टी विचारा: कुठलं मानक (वय आधीच ठरलेला तुलनेचा नमुना) वापरलं, कुठला ऱ्हास-स्थिरांक (किरणोत्सारी अणू किती वेगाने मोडतात तो आकडा) धरला, आणि एरर एक सिग्मा की दोन, त्यात स्थिरांकाची अनिश्चितता धरली की नाही. ही कारकुनी नाही. आर्गॉनवाले जे मानक वापरतात, फिश कॅन्यनचं सॅनिडिन नावाचं खनिज, त्याचं वय कोणी २८.०२ दशलक्ष धरतं, कोणी २८.२०१, कोणी २८.२९४. पहिल्या दोहोंतलाच फरक पाऊण टक्क्याच्या आत आहे, पण ६६ दशलक्ष वर्षांवर तो ठोकळमानाने चार लाख वर्षं होतो. अख्खा दख्खनचा वाद त्या चार लाखांत बुडून जाईल! मी एका सत्राची अध्यक्ष असताना दोन तरुण पाऊण तास तावातावाने भांडले. शेवटी मागच्या रांगेतल्या एका विद्यार्थिनीने हात वर करून विचारलं, 'सर, दोघांचं मानकाचं वय एकच आहे का?' नव्हतं.

आकडे असे भेटीगाठींतच एकसारखे होतात. १९७६ला सिडनीत आंतरराष्ट्रीय भूविज्ञान काँग्रेस भरली तेव्हा भूकालमापनाच्या उपसमितीने ऱ्हास-स्थिरांकांचा एक संच सगळ्यांनी वापरायचं ठरवलं. पुढच्या वर्षी तो छापून आला आणि कित्येक दशकं जगभर तोच चालला. त्यातला रुबिडियम-८७चा आकडा पुढे बदलावा लागला. २०१५ची शिफारस जुन्यापेक्षा सुमारे दीड टक्क्याने कमी आहे, म्हणजे अब्ज वर्षांच्या खडकाचं वय दीड कोटी वर्षांनी हलतं. पण जिथे सगळे एकच आकडा वापरत होते, तिथे जुनी वयं दुरुस्त करणंही सोपं झालं. तुमची परिषद सिडनी नाही, ठीक आहे. तरी 'या देशातल्या प्रयोगशाळांनी एक नमुना वाटून घेऊन मोजायचा' एवढं जरी चर्चेच्या तासात ठरलं, तरी मी म्हणेन पैसे वसूल झाले.

दुसरं सत्र पावसाचं करा. तुमच्या यादीत गुहांतल्या चुनखडीच्या झुंबरांमधला ऑक्सिजन मोजणारे आहेत, नद्यांच्या गाळातलं स्ट्रॉन्शियम-निओडिमियम मोजणारे आहेत, बेरिलियम-१०वरून डोंगर किती वेगाने झिजतो ते काढणारे आहेत. तुम्ही त्यांना तीन हॉलमध्ये फेकलंत. गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळातून काढलेल्या गाभ्यात पानांच्या मेणातला कार्बन सांगतो की गेल्या काही हजार वर्षांत खोऱ्यातली झाडी कोरड्या हवेची होत गेली. त्याच गाभ्यातलं निओडिमियम सांगतं की दख्खनची काळी माती आधीपेक्षा जास्त वाहून येऊ लागली. आता हे पाऊस घटल्यामुळे की माणसाने नांगर घातल्यामुळे? हा प्रश्न भूरसायनवाल्यांनी एकट्याने सोडवायचा नाही. प्रवरेकाठी जोर्वे आणि दायमाबाद इथे ताम्रपाषाण काळात शेती करणारी माणसं होती. एखाद्या पुरातत्त्वज्ञाला चाळीस मिनिटं द्या. तुमच्याकडची मंडळी कुरकुरतील, 'हे आपल्या विषयात बसत नाही' म्हणून. कुरकुरू द्या. चहाच्या वेळी सगळ्यात मोठा घोळका त्याच्याभोवती असेल.

तिसरं सत्र माझ्या आवडीचं, आणि ते तुमच्या यादीत मुळीच नाही. फसलेल्या कामाचं सत्र.

क्लेअर पॅटरसनने उल्केतल्या शिशावरून पृथ्वीचं वय काढलं. तो आकडा त्याने १९५३मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या विल्यम्स बे या छोट्या गावी भरलेल्या बैठकीत मांडला. छापून यायला १९५६ उजाडलं: ४५५ कोटी वर्षं, अधिक-उणे सात कोटी. पण त्याआधी कित्येक वर्षं त्याचे आकडे काही केल्या जुळत नव्हते, कारण शिसं सगळीकडे होतं. हवेत, रसायनांत, काचेच्या भांड्यांत, माणसाच्या केसांत. त्या झगड्यातून क्लीन लॅब, म्हणजे बाहेरची धूळ आणि शिसं आत येऊ न देणारी प्रयोगशाळा, उभी राहिली. आज आपल्याकडे नव्याने कॉलम केमिस्ट्री (विरघळवलेल्या नमुन्यातून हवं ते मूलद्रव्य वेगळं करणं) शिकणारी मुलं तोच झगडा एकटी, मुकाट्याने लढत असतात. ब्लँक, म्हणजे नमुना न घालताही मोजणीत येणारं प्रदूषण, वर गेला की आठवडा वाया, आणि तो का गेला हे कुठल्याच शोधनिबंधात लिहिलेलं नसतं. तेव्हा एक दुपार त्यासाठी ठेवा. अट एकच, जो बोलेल त्याने न जमलेलं सांगायचं. आम्ल दुबार ऊर्ध्वपातित करूनही ब्लँक का उतरला नाही, ते एकदा एकाने मला सांगितलं. उत्तर होतं नव्या पाइपेटची पिवळी टोकं. ही माहिती मला चहाच्या रांगेत मिळाली होती, आणि माझ्या विद्यार्थ्याचे चार महिने वाचले. या सत्राचं अध्यक्षपद तंत्रज्ञाला द्या, प्राध्यापकाला नको. यंत्राचं फिलामेंट कोण बदलतं ते सगळ्यांना माहीत असतं, मंचावर मात्र तो कधी दिसत नाही.

आता घड्याळ. माझा हिशोब असा. सकाळी साडेनऊ ते एक, मध्ये अर्धा तास चहा, फक्त मोठा हॉल. तीन सकाळी मिळून नऊ तास. त्यात निमंत्रितांची सहा व्याख्यानं चाळीस मिनिटांची, तीन चर्चा एकेक तासाच्या, उद्घाटन अर्धा तास. उरलेल्या दीड तासात पोस्टरवाल्या विद्यार्थ्यांना एकेक मिनिट, दोन दिवसांत विभागून. मंचावर यायचं, पोस्टरचा क्रमांक सांगायचा, एक वाक्य बोलायचं, उतरायचं. दुपारी दोन ते चार दोन हॉल, वीस मिनिटांची व्याख्यानं, पंधरा बोलायला आणि पाच प्रश्नांना. तीन दिवसांत छत्तीस होतात. फसलेल्या कामाची दुपार यातलाच एक हॉल धरून. तिसरा हॉल बंद ठेवा, नाहीतर कोणीतरी त्यात समितीची बैठक लावेल. बाकीचे सगळे पोस्टर.

'पोस्टर' म्हटल्यावर लोकांची नाराजी येईल, कारण आपल्याकडे पोस्टर म्हणजे शिक्षा. मी पाहिलंय ते कुठे लावतात ते: स्वच्छतागृहाच्या बोळात, एका ट्यूबलाइटखाली, आणि वेळ कुठली, तर जेवणाची. रात्रभर रेल्वेत नळी मांडीवर धरून आलेली मुलगी पोस्टर टाचून उभी, आणि समोरून लोक ताटं घेऊन जाताहेत. एकदा एका परदेशी प्राध्यापकाला मी असंच एका पोस्टरसमोर उकिडवं बसलेलं पाहिलं. खालच्या कोपऱ्यातला तक्ता तो बोटाने वाचत होता, आणि ती मुलगीही शेजारी उकिडवी बसून त्याला सांगत होती. वीस मिनिटं दोघं तशीच. मंचावरच्या कुठल्याही व्याख्यानाला एवढं ऐकलं गेलेलं मी पाहिलेलं नाही. तर पोस्टर संध्याकाळी चार ते सहा, पहिले दोन दिवस, चहा आणि भजी तिथेच, त्याच खोलीत. निमंत्रित वक्त्यांच्या पत्रातच लिहा की पोस्टरच्या वेळी त्यांनी हजर राहणं अपेक्षित आहे. विमानाची वेळ आत्ताच विचारून घ्या, नाहीतर व्याख्यान झालं की मंडळी टॅक्सीत बसतात.

उद्घाटन अर्ध्या तासात कसं बसवायचं? संचालकांशी वाद घालू नका. त्यांना म्हणा, सकाळी समई आणि दोन शब्द, आणि मान्यवरांचा सत्कार संध्याकाळी, जेवणाआधी, जेव्हा सगळे निवांत असतील. शाल-श्रीफळ संध्याकाळी जास्त शोभतं, फोटोही चांगले येतात. एका परिषदेत दहाचं उद्घाटन सव्वाबाराला संपलं. नऊ पुष्पगुच्छ, नऊ मनोगतं, आणि एका पाहुण्यांनी आपल्या शाळेतली भूगोलाची गोष्टही सांगितली. त्यानंतर ज्या मुलाचं पहिलं व्याख्यान होतं त्याला सहा मिनिटं मिळाली. तीन वर्षं त्याने झिरकॉनचे कण वेचले होते.

ज्येष्ठ सरांना प्लेनरी देऊ नका, पण नाराजही करू नका. पहिल्या रात्री जेवणानंतर त्यांना मोकळं व्यासपीठ द्या, विषय 'आमचं पहिलं मास स्पेक्ट्रोमीटर'. भाभा अणुसंशोधन केंद्रात ही यंत्रं देशातच बांधली गेली. त्या पिढीने सोल्डरिंगपासून सगळं हाताने केलं आणि त्यातलं फारच थोडं कुणी लिहून ठेवलंय. स्लाइड नको, माईक नको. कुणीतरी रेकॉर्ड करा. सर खूश होतील, आणि मला वाटतं मुलांनाही ते प्लेनरीपेक्षा जास्त आवडेल.

परदेशी पाहुण्यांबद्दल दोन शब्द. डिसेंबरात अमेरिकन जिओफिजिकल युनियनची मोठी सभा असते. तारखा ताडून पाहा, नाहीतर तुमचे निम्मे निमंत्रित तिकडे असतील. आणि कॉन्फरन्स व्हिसासाठी सरकारी परवानग्या लागतात, ती फाइल आजच हलवा. उद्या म्हणजे उशीर.

रिकाम्या चर्चेच्या तासांवरून समितीत आक्षेप येईल: 'इतका वेळ वाया?' तेव्हा गॉर्डन रिसर्च कॉन्फरन्सचं नाव घ्या. तिथे दुपारा मोकळ्या ठेवतात, आणि तिथलं बोलणं बाहेर उद्धृत करायचं नाही असा नियमच आहे. त्यामुळे लोक छापायच्या आधीचं, अर्धवट काम दाखवतात. समितीला आपल्या सांगण्यापेक्षा बाहेरचं उदाहरण लवकर पटतं, याचं वाईट वाटून घेऊ नका.

शेवटचं, सहल. तुम्ही ती चौथ्या दिवशी ठेवलीत, 'इच्छुकांसाठी'. ती पहिल्या दिवसाच्या आधी आणा. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरा. काळ्या थरांमध्ये तांबडे पट्टे दिसले की जिथे सुरक्षित जागा असेल तिथे थांबा. दोन्ही गटांना एकाच पट्ट्यासमोर उभं करा आणि नमुना कुठून घ्याल ते विचारा. तिथे कुणाकडे स्लाइड नसते, सगळे बोटानेच दाखवतात. मोठी बस घेऊ नका, वळणं फार आडवी आहेत. सतरा सीटच्या दोन मिनी बस करा, आणि दोन्ही गट एकाच बसमध्ये बसतील एवढं बघा.